बोलता न येणाऱ्या आपल्या माणसाला हॉस्पिसमध्ये ठेवायचं असेल तर

घरातल्या दिव्यांग माणसाचा आजार आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत त्रास कमी ठेवणाऱ्या ठिकाणी, ठेवायचं ठरलं, की सगळी धावपळ फाइल, कपडे, औषधं यातच जाते. माझं म्हणणं, त्याआधी एक कागद तयार करा. तो बरा असतो तेव्हा कसा असतो आणि दुखलंखुपलं की कसा होतो, एवढंच त्यावर. हॉस्पिसच्या लोकांना शेवटचा आजार छान कळतो, पण तुमचं माणूस त्यांच्यासाठी नवीन असतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत "हे याचं नेहमीचंच असेल" म्हणून खरं दुखणं राहून जातं. हे चांगल्या ठिकाणीसुद्धा होतं.

माझ्या भावाला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं. दुखलं की तो ओरडायचा नाही, उलट एकदम गप्प व्हायचा आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट दाबून धरायचा, आणि ओरडायचा ते खूश असला की. म्हणजे नवीन माणूस बरोबर उलटं समजणार! आईने हे सिस्टरना दाखवलं, मग त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी लावलं, त्यानंतर रात्रपाळीवालेही आधी मूठ बघायला लागले.

कागदावर काय लिहायचं सुचत नसेल तर डिसडॅट (DisDAT) नावाचा इंग्रजी फॉर्म बघा. इंग्लंडमधल्या सेंट ऑस्वाल्ड्स हॉस्पिसच्या लोकांचा तो बनवण्यात हात होता, आणि त्यात चेहरा, आवाज, सवयी, बसण्याझोपण्याची ढब हे सगळं मजेत असताना आणि त्रासात असताना असं वेगवेगळं लिहायचं असतं. मजेत असतानाचं नक्की लिहा, ते नसलं तर बदल झालाय हे कळणार कशावरून? आणि त्रास दिसला म्हणजे दुखणंच असं नाही. भीती असेल, लघवी तुंबली असेल, पोट साफ नसेल, ओळखीचं कुणी जवळ नसेल. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचं म्हणणं हेच होतं, की वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते.

जागा बघायला जाल तेव्हा दरवाजातून व्हीलचेअर जाते का, उचलायला होइस्ट, म्हणजे माणसाला उचलून ठेवणारं यंत्र, आहे का, पोटातल्या नळीने फीड द्यायची सवय आहे का, घरचं एक माणूस रात्री राहू शकतं का, हे विचारून घ्या. आखडलेले हातपाय ओढून सरळ करायचे नसतात, कुठे उशी लागते ते मोबाइलवर फोटो काढून द्या, शब्दात सांगून ते नीट होत नाही.

औषधांचं मात्र अजिबात सोडू नका. फिट्सची औषधं आणि स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन एकदम बंद केलं तर जोरात फिट येऊ शकते, अंग कडक होतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, गोळी गिळता येईनाशी झाली तर हे कुठून देणार? त्वचेखालून सुई, गालाच्या आतून, गुदद्वारातून असे मार्ग असतात, पण त्याची तयारी आधी हवी. मॉर्फिनला घाबरू नका, दुखण्याच्या मानाने बेताबेताने वाढवलेला डोस मरण जवळ आणत नाही. त्याने बद्धकोष्ठता होते हे मात्र खरं, आणि ज्यांचं आधीच बसून-झोपून पोट साफ होत नाही त्यांना फारच, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध बरोबरच सुरू आहे ना ते बघा.

सगळ्यात अवघड खाण्याचं. ज्या आईने आयुष्यभर एकेक घास भरवलाय तिला "आता भरवू नका" हे ऐकवत नाही, आणि तिला ते तिऱ्हाइताने रागावून सांगूच नये. पण शेवटी शेवटी भूक आपोआप मरते, आणि गिळता येत नसताना घातलेला घास फुप्फुसात जातो, खोकला, ताप, धाप. त्यापेक्षा ओल्या स्पंजने तोंड पुसणं, ओठांना क्रीम लावणं हे आईच्याच हातात द्या. तिलाही काहीतरी करायचं असतं हो.

जो आजारी आहे त्यालाही त्याच्या आजाराबद्दल सांगा. बौद्धिक अपंगत्व आहे म्हणून कळत नाही असं धरून त्याच्यासमोर त्याला वगळून बोलू नका. थोडं थोडं, खरं खरं, तो विचारेल तेवढं. "झोपणार आहेस" असं मरणाबद्दल म्हणू नका, मग माणूस झोपायलाच घाबरतो. आणि निर्णय त्याचा आहे तिथे त्याला विचारा, मान हलवून का होईना.

तो कागद एकदा लावला की झालं असं नाही. आजार वाढला की अंगातली ताकद जाते, मूठ आवळायलाही जमत नाही, मग नुसती भुवई आक्रसते किंवा श्वास बदलतो. तसं काही दिसलं की सिस्टरना लगेच सांगा, नवीन लिहून तारीख टाका आणि जुना कागद काढून घ्या.