आजींच्या कमरेचा सेन्सर आणि तीन घड्याळं

आजी-आजोबांच्या अंगावर सेन्सर बांधून त्यांची चाल आणि पडण्याचा धोका मोजायचा प्रकल्प करणाऱ्यांसाठी हे. अ‍ॅक्सेलरोमीटर काय मोजतो (त्वरण), जायरो काय मोजतो (फिरण्याचा वेग), सॅम्पलिंग रेट म्हणजे काय (सेकंदाला किती नमुने), हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. नाशकात या कामाला लागणारं सगळं आहे. इंजिनीअरिंगची आणि फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. आणि पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेलात तर चालणारे आजी-आजोबा हवे तेवढे. अडतं ते या सगळ्यांना एका टेबलाशी बसवताना. म्हणून पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी कागदावर घ्या: कोणती चाचणी, सेन्सर शरीरावर कुठे, आणि पेपरवर नावांचा क्रम. तिसरी गोष्ट ‘नंतर बघू’ म्हणणारा गाइड असेल तर सावध व्हा. नंतर कोणी बघत नाही.

चाचणी नवी शोधू नका. ‘टाइम्ड अप अँड गो’ १९९१ पासून वापरात आहे: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. खुर्चीची बैठक साधारण ४६ सेंटिमीटर उंच, हात असलेली आणि पाठ भिंतीला टेकवलेली हवी. मंगल कार्यालयातली प्लास्टिकची खुर्ची चालणार नाही, उठताना ती वाकते आणि गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. एक माणूस पूर्ण वेळ आजींच्या बाजूला, किंचित मागे. तो व्हिडिओ काढत नाही, लॅपटॉप बघत नाही, दुसरं काहीही करत नाही.

सुरुवातीला महागडा संच लागत नाही. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, एमपीयू-६०५० या सेन्सरचं मॉड्यूल (अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो एकत्र), एसडी कार्ड आणि छोटी लिथियम बॅटरी एवढ्यात भागतं. कमरेला ±४ जी पुरतं (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). घोट्याला बांधणार असाल तर ±८ जी ठेवा, नाहीतर टाच आपटते त्या क्षणी सिग्नलचं टोक सपाट कापलं जातं. रोज सकाळी डबी सहाही बाजूंवर ठेवून बघा, प्रत्येक अक्षावर अधिक-उणे १ जीच्या जवळपास आकडा आला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, पण टाळणारेच जास्त.

आता बांधायचं कुठे? पुस्तक सांगतं, पाठीच्या खालच्या मणक्यावर, एल-५ पाशी. नऊवारी नेसलेल्या आजींच्या कासोट्याचा खोचा नेमका तिथेच येतो. त्यावर पट्टा बांधला तर सेन्सर कमरेबरोबर हलत नाही, कापडाच्या घडीबरोबर हलतो, आणि प्रत्येक पावलाला दोन-दोन टोकं दिसतात. सहावारीत परकराची नाडी आडवी येते, धोतरातही तीच गत. पट्टा कापडाच्या आतून, थेट कातडीवर किंवा पातळ बनियनवर घ्या. रुंद इलास्टिक, वेल्क्रो, आणि डबीच्या कडांना मायक्रोपोर टेप. आजींना पट्टा बांधायला मुलगीच हवी, आणि तिने आधी विचारायचं, “आजी, इथे जरा पट्टा लावू का?” हे प्रोटोकॉलमध्येही लिहून ठेवा.

इथून पुढे सावकाश वाचा, कारण माणसांचे महिने जातात ते इथे.

तुमच्याकडे तीन घड्याळं असतात: सेन्सरचं, मोबाइल व्हिडिओचं आणि फिजिओच्या हातातल्या स्टॉपवॉचचं. आजी कोणत्या क्षणी काय करत होत्या, ते व्हिडिओ बघून सिग्नलवर लिहायचं असतं, आणि ही तिन्ही वेगवेगळी धावतात. कोडमध्ये १०० हर्ट्झ लिहिलं म्हणून सेन्सर सेकंदाला १०० नमुने देत नाही. एमपीयू-६०५० स्वतःच्या अंतर्गत घड्याळावर चालतो, आणि जायरोचा संदर्भ घेतला तरी त्यात एक टक्क्यापर्यंत फरक असू शकतो. एक टक्का म्हणजे किती? वीस मिनिटांच्या भेटीत १२ सेकंद. म्हणजे एक अख्खी चाचणी! नमुना क्रमांकाला ०.०१ ने गुणून तुम्ही वेळ काढलीत, तर भेटीच्या शेवटी व्हिडिओत आजी खुर्चीतून उठत असतात आणि त्याच क्षणाच्या सिग्नलवर ‘चालणं’ लिहिलेलं असतं. आलेख छान दिसतो. चूक दिसत नाही.

त्यात एसडी कार्ड. लिहिताना कार्ड मध्येच पाव सेकंदापर्यंत थांबू शकतं. तेवढ्यात बफर (नमुने तात्पुरते ठेवायची जागा) नसेल तर पंचवीस नमुने गेले, आणि फाइलमध्ये भोकही दिसत नाही, कारण ओळी सलग असतात. सेन्सरच्या फिफोत, म्हणजे नमुने रांगेने साठवणाऱ्या त्याच्या आतल्या जागेत, १०२४ बाइट बसतात. सहा अक्षांच्या नमुन्याला १२ बाइट, म्हणजे १०० हर्ट्झला साधारण ०.८५ सेकंदाचा साठा. तो वापरा. प्रत्येक वेळी फिफो वाचाल तेव्हा मायक्रोकंट्रोलरची वेळ लिहा आणि प्रत्येक नमुन्याला चढता क्रमांक द्या. वेळ मायक्रोसेकंदात घेत असाल तर ३२ बिटांचा मोजक साधारण ७१ मिनिटांनी शून्यावर येतो, हेही लक्षात असू द्या. मोबाइलचा व्हिडिओही ३० फ्रेम म्हणतो आणि उजेड कमी झाला की कमी देतो, म्हणून फ्रेम मोजून वेळ काढू नका, फ्रेमवरची वेळ वाचा.

उपाय मात्र फुकटचा आहे. पट्टा बांधण्याआधी डबी तळहातावर धरून कॅमेऱ्यासमोर टिचक्या मारा: एक, थोडं थांबून दोन, पुन्हा थांबून एक. एकसारख्या अंतराने मारल्या तर पावलांशी घोटाळा होतो. पट्टा सोडल्यावर तेच पुन्हा. दोन्हीकडची टोकं सिग्नलमध्ये आणि व्हिडिओत शोधा, त्यांतून सरळ रेषा काढा: व्हिडिओची वेळ बरोबर सेन्सरची वेळ गुणिले ‘अ’ अधिक ‘ब’. ‘ब’ सुरुवातीचा फरक, ‘अ’ वेगातला. मध्ये कधीतरी पट्टा सैल करावा लागला तर तेव्हाही टिचक्या मारून घ्या. त्या रेषेत घालू नका, तपासायला ठेवा. तिथली चूक ५० मिलिसेकंदांच्या वर गेली तर ती भेट बाजूला काढा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे याहून बारीक आग्रह धरण्यात अर्थ नाही. आधीच्या फाइलींमध्ये टिचक्या नसतील तरी सगळं वाया गेलं असं नाही. उठण्या-बसण्याचे झटके दोन्हीकडे दिसतात, त्यांवरून जुळवता येतं. वेळखाऊ आहे, पण होतं.

सिग्नलवरून हालचाल ओळखायला शिकवायच्या मॉडेलबद्दल थोडंच. एकाच आजोबांच्या सिग्नलचे तुकडे शिकवण्यातही आणि तपासण्यातही गेले, तर ९८ टक्के अचूकता कोणालाही मिळते. विभागणी माणसांनुसार करा. आकडा पडेल, पडू दे. तयार पॅकेज डोळे मिटून चालवणाऱ्यांचं एक समजत नाही: ज्या घरात मांडी घालून जेवतात, त्या घरातल्या डेटावर खुर्चीत बसणाऱ्यांचं मॉडेल काय ओळखणार?

नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही नमुना घेऊ नका, ‘पायलट’ या नावाखालीही नाही. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांची परवानगी ही तिथल्या आजींची संमती नव्हे. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, कोड ठेवा, आणि कोडची वही वेगळ्या कपाटात.

चाचणी झाली की प्रत्येक जण विचारणारच, “माझं कसं आलं रे?” सेन्सरवाल्याने तिथे आकडा सांगायचा नाही. “ताई बघून सांगतील, काका,” एवढं म्हणायचं आणि फिजिओकडे बघायचं. पडण्याच्या धोक्याचं बोलणं तिने, घरातलं कोणी सोबत असताना, आणि घरी कोणता व्यायाम करायचा ते सांगूनच करायचं.