डायबोलो फिरवायचाय? आधी डावा हात आवरा

डायबोलो म्हणजे तळाला तळ जोडलेल्या दोन वाट्या, दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायच्या. तो शिकायला कोणी नवीन आलं की मी त्याचा डावा हात बघतो. सगळी लुडबूड तोच करतो. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलट वाचावं.)

डायबोलो उजव्या पायापुढे जमिनीवर ठेवा, दोरी मधल्या आसाखाली घाला. डावीकडे घरंगळवा आणि गडगडतानाच उचला. आता उजव्या काठीने वर झटके द्यायचे, डावी नुसती साथीला. दोन्ही हात सारखेच हलले की एकाने दिलेला वेग दुसरा खाऊन टाकतो.

खरी मेख तोलात आहे. तुमच्याकडची वाटी खाली झुकली तर उजवी काठी किंचित पुढे ढकला. वर उठली तर अंगाकडे ओढा. दोरी वाटीला आतून घासते आणि डायबोलो हळूहळू सरळ होतो. घाई केली तर दोरी गुरफटलीच म्हणून समजा. फिरता फिरता त्याचं तोंड डावीकडे-उजवीकडे वळू लागलं तर तुम्हीही सोबत वळा.

उडवणं त्यामानाने सोपं. हात झटकन फाकवा, दोरी ताणली की तो वर जातो. झेलताना उजवी काठी उंच, टोक त्याच्यावर रोखलेलं. त्या टोकाजवळच दोरीवर घ्या आणि टेकताक्षणी हात सैल सोडा, नाहीतर पुन्हा उसळेल.