जन्मापूर्वी मशीहा होता का? शास्त्रवचने तपासण्याची रीत

१ जून ते ३१ जुलै या काळात कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि वसई-अर्नाळ्याच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत संध्याकाळच्या शास्त्रवाचनाला माणसे निवांत बसू शकतात. मशीहा, म्हणजे येशू ख्रिस्त, बेथलेहेमात जन्मण्यापूर्वी होता का, हा प्रश्न अशाच बैठकीत घ्यावा, कारण तो घाईने सुटणारा नाही. प्रत्येकाच्या हाती पवित्र शास्त्र असावे आणि एकाने वहीत टिपणे घ्यावीत.

वचने काढण्याआधी प्रश्नाचे दोन भाग करावेत. मशीहा देवाच्या संकल्पात आधीपासून होता, हे एक म्हणणे. तो स्वतः आधीपासून होता, हे दुसरे. यिर्मया १:५ मध्ये देव संदेष्ट्याला सांगतो की, तुला गर्भाशयात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो. पण त्यावरून यिर्मया जन्माआधी कोठे तरी राहत होता, असे कोणी म्हणत नाही. १ पेत्र १:२० मध्ये ख्रिस्त जगाच्या स्थापनेपूर्वी नेमलेला होता असे म्हटले आहे. तेवढ्या वचनावरून पहिले म्हणणे सिद्ध होते, दुसरे नाही. तालमुद या यहुदी ग्रंथातही जगाच्या आधी निर्माण झालेल्या सात गोष्टींत मशीहाचे नाव मोजले आहे, तो स्वतः नव्हे. अशी वचने वहीत वेगळ्या पानावर टिपावीत. ती दुसऱ्या म्हणण्याच्या पानावर गेली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

त्यानंतर मीखा ५:२ घ्यावे. रेवदंडा-अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, शेजाऱ्यांबरोबर हे वचन वाचायचे असेल, तर त्यांच्या हिब्रू शास्त्रात ते ५:१ असते, हे लक्षात ठेवावे, नाहीतर दोघे वेगवेगळी ओळ धरून बसतील. बेथलेहेमातून येणाऱ्या शास्त्याचा उगम प्राचीन काळापासून आहे, असे येथे म्हटले आहे. पुष्कळ जण येथेच निकाल लावून मोकळे होतात, पण मला ते पटत नाही. याच ग्रंथात ७:१४ येथे बाशान आणि गिलाद येथील जुन्या दिवसांची आठवण काढली आहे, आणि तेथे अनादिकाळ अभिप्रेत नाही, इस्राएलाचा गेलेला काळ आहे. म्हणून मीखाचे वचन बेथलेहेमच्या दाविद राजाच्या जुन्या घराण्याकडेही बोट दाखवत असू शकते. ते साक्षीदार म्हणून ठेवावे, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

खरा भार योहानाच्या शुभवर्तमानावर आहे, म्हणून तेथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. १:१-३ आणि १:१४ लागोपाठ मोठ्याने वाचावे: जो शब्द प्रारंभी देवाजवळ होता आणि ज्याच्याद्वारे सर्व काही झाले, तोच देही झाला. मग १:३० वर थांबावे. बाप्तिस्मा करणारा योहान येशूविषयी म्हणतो की, माझ्यामागून येणारा माझ्या पुढचा झाला आहे, कारण तो माझ्यापूर्वी होता. आता लूक १:३६ उघडावे. देवदूत मरियेला निरोप देतो तेव्हा योहानाची आई अलीशिबा हिला सहावा महिना चालू असतो. म्हणजे वयाने योहानच मोठा. मग तो येशूला 'माझ्यापूर्वी' का म्हणतो, हा प्रश्न बैठकीतल्या एखाद्या तरुणाला विचारावा आणि उत्तरासाठी त्याला वेळ द्यावा. 'पूर्वी' म्हणजे नुसते मानाने वरचढ, असे कोणी सुचवले, तर योहान ८:५८ आणि १७:५ वाचून दाखवावे. पहिल्यात येशू म्हणतो की, अब्राहामाच्या आधीपासून मी आहे, आणि ऐकणारे लगेच दगड उचलतात. दुसऱ्यात येशू पित्याजवळ असे गौरव मागतो, जे जग होण्यापूर्वी त्याचे पित्याजवळ होते. १७:५ ही प्रार्थना आहे, म्हणून मला ते सर्वांत भक्कम वाटते.

पौलाच्या पत्रांतून फिलिप्पै २:६-८ आणि कलस्सै १:१५-१७ घ्यावे. फिलिप्पैतील ओळींत आदामाशी तुलना आहे, असे काही अभ्यासक मानतात. तरी देवाच्या स्वरूपात असून स्वतःला रिक्त करणे आणि त्यानंतर मनुष्यांच्या प्रतिरूपाचे होणे, हा क्रम मला जन्माच्या पलीकडूनच सुरू झालेला दिसतो. मत्तय आणि लूक जन्मकथेत याविषयी उघड काही बोलत नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ नकार असा लावू नये, आणि होकार असाही लावू नये.

शेवटी एक गल्लत टाळावी. जन्मापूर्वी असणे आणि अनादि असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे धर्मसभा भरली, तेव्हा पुत्र, म्हणजे ख्रिस्त, जन्मापूर्वी होता हे त्या सभेने ज्याची शिकवण नाकारली त्या आरियस या धर्मगुरूलाही मान्य होते. त्याचा वाद पुत्र अनादि आहे की निर्माण केलेला, यावर होता, आणि त्या शतकात नीतिसूत्रे ८:२२ हे वचन, ज्यात ज्ञान म्हणते की परमेश्वराने मला आपल्या कार्याच्या आरंभी निर्माण केले, त्या वादात सतत पुढे येत राहिले. पहिल्या प्रश्नाची वचने वहीत नीट लागल्याशिवाय हा दुसरा प्रश्न बैठकीत काढू नये.