लेसोथोला जाताय? आधी व्हिसा नीट पाहा

लेसोथोला चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनेच वेढलंय. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा त्याच देशातून जावं लागतं. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लेसोथोत शिरताच तो संपतो आणि परतताना सीमेवर अडकायला होतं. म्हणून अर्जातच अनेक प्रवेशांचा मागा. लेसोथोचा व्हिसा वेगळा काढायचा. भाड्याची गाडी नेणार असाल तर सीमा ओलांडायचं परवानगीपत्र कंपनीकडून आधीच घ्या. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, पण सीमेवरचा सानी घाट (उंची सुमारे 2,870 मीटर) फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीशिवाय चढू देत नाहीत.

लेसोथोचं चलन लोटी, अनेकवचनी मालोटी. भाव दक्षिण आफ्रिकेच्या चलनाइतका, म्हणजे रँडइतकाच, आणि रँडही सगळीकडे चालतो. उलट मात्र नाही: मालोटी दक्षिण आफ्रिकेत घेत नाहीत, त्यामुळे निघण्याआधी संपवा.

जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा, डोंगरात बर्फ पडतो. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ समजून सुती कपडे नेणारे कुडकुडतात.

सॉकेट बहुतेक जाड तीन पिनांचं, आपल्या गीझरसारखं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला 16 ॲम्पियरचा कन्व्हर्टर प्लग सहसा पुरतो.