पर्वरीत कर्जावर वाद पेटला की नेमकं काय ऐकायचं?

आमच्या सत्तरीतल्या घरी ३१ मार्च सणासारखा यायचा, फक्त गोडधोड नसायचं. वडिलांनी सोसायटीतून घेतलेलं कर्ज त्या तारखेआधी भरायचं असे आणि काजूचे पैसे अजून हातात आलेले नसत. मग नाक्यावरचा दुकानदार दोन दिवसांसाठी रक्कम द्यायचा. वडील ती सोसायटीत भरायचे, खातं बंद व्हायचं, एप्रिल उजाडताच तेवढंच किंवा थोडं वाढीव कर्ज मंजूर व्हायचं आणि त्यातून दुकानदाराचे पैसे परत. पासबुकात थकबाकी शून्य. डोक्यावरचं ओझं मात्र जिथल्या तिथे. याला आपल्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात.

राज्य सरकारही हेच करतं. रक्कम कोटींत असते, कागद चकचकीत असतो आणि सोसायटीच्या जागी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, घेणारा बाजार असतो. एवढं डोक्यात ठेवलं, की पर्वरीला, गोव्याच्या विधानसभेत, कर्जावर होणारा गोंधळ बराचसा उलगडतो.

हा गोंधळ दरवर्षी जवळपास त्याच चालीवर रंगतो. विरोधी बाकावरून कोणी उठतो आणि प्रत्येक गोंयकाराच्या डोक्यावर किती लाखांचं कर्ज आहे ते सांगतो. मुख्यमंत्री उत्तर देतात, की कर्ज मर्यादेच्या आत आहे. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही बोलण्यातून आपल्याला काही कळत नाही. म्हणून पहिली पायरी सोपी आहे: एकूण कर्जाचा आकडा ऐकू आला की तो कानाआड करा. त्यातलं किती कर्ज नव्या कामासाठी आहे आणि किती जुनं फेडण्यासाठी, हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

कागद समोर घ्या

अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. खात्यांच्या मागण्यांवरची लांबलचक चर्चा अलीकडच्या वर्षांत पावसाळी अधिवेशनात, जुलै-ऑगस्टमध्ये होते. त्यामुळे कागद वाचायला मधे तीन-चार महिने मिळतात. अर्थसंकल्पाची कागदपत्रं सरकारी संकेतस्थळावर असतात. ती इंग्रजीत असतात, सभागृहात वाद बहुतेक कोकणीत होतो आणि आपण विचार मराठीत करतो, तेव्हा भाषेचा नाद सोडा आणि लेखाशीर्षांचे, म्हणजे जमा-खर्चाच्या सदरांचे, क्रमांक धरा. हे क्रमांक देशातल्या सगळ्या राज्यांना सारखेच आहेत, एकदा पाठ केले की जन्मभर पुरतात.

तीनच पुरेत. ६००३ म्हणजे राज्याचं अंतर्गत कर्ज: रोखे, नाबार्डचं कर्ज वगैरे. ६००४ म्हणजे केंद्राकडून घेतलेलं. २०४९ म्हणजे व्याज.

६००३ उघडलंत की एक सापळा आहे. तिथली जमा आणि परतफेड या दोन्ही रकमा कधीकधी डोळे फिरवण्याइतक्या फुगलेल्या दिसतात. कारण रिझर्व्ह बँक राज्याला चार दिवसांची हातउसनवार देते, तीही याच शीर्षाखाली, ११० या उपशीर्षात नोंदली जाते. महिनाअखेरीला पगार भागवायला पैसे घेतले, आठवड्यात परत केले, पुन्हा घेतले. प्रत्येक फेरी जमेतही धरली जाते आणि खर्चातही. एखादा आमदार हाच आकडा उचलून ‘एवढं कर्ज काढलं!’ म्हणाला, तर त्याच्या सहायकाने उपशीर्ष पाहिलेलं नाही असं समजा.

आपल्याला हवं ते उपशीर्ष १०१, बाजारातून उचललेलं कर्ज. त्याची जमेची रक्कम घ्या, शेजारी परतफेडीची मांडा. समजा या वर्षी १,००० कोटींचे रोखे विकायचे आहेत आणि ६०० कोटींचे जुने रोखे फेडायचे आहेत. म्हणजे ६०० कोटी निव्वळ नवं-जुनं. हातात राहिले ४००. आता महसुली खात्याकडे, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या हिशेबाकडे वळा. तिथे शिल्लक असेल, तर हे ४०० पूल, शाळा, जलवाहिन्यांकडे जाऊ शकतात. तिथे तूट असेल, तर त्यातले काही पगार, पेन्शन आणि योजनांतच विरघळणार. ही वजाबाकी पाकिटाच्या मागच्या बाजूवर होते. आकडे अर्थातच उदाहरणाचे आहेत, खरे तुम्ही कागदावरून भरा.

मग २०४९ ची रक्कम घ्या आणि तिला एकूण महसुली जमेने भागा. शंभर रुपये आले तर व्याजात किती गेले ते कळतं. राज्याच्या सकल उत्पन्नाशी, म्हणजे राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाशी, केलेल्या तुलनेपेक्षा माझा या भागाकारावर जास्त विश्वास आहे. व्याज तिजोरीतून भरायचं असतं, राज्याच्या सकल उत्पन्नातून नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा महसूल आटला, पण व्याजाची तारीख काही पुढे सरकली नाही.

नवं-जुनं कोणत्या दराने झालं ते विचारा

जुनं फेडायला नवं काढणं म्हणजे ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण व्यवहार कधीकधी फायद्याचाही असतो. २०१३-१४ मध्ये राज्यांना दहा वर्षांच्या रोख्यांवर साधारण ९ टक्क्यांच्या पुढे व्याज द्यावं लागत होतं. ते रोखे २०२३-२४ मध्ये फेडायला आले तेव्हा बाजारातला दर साडेसातच्या आसपास होता. शंभर कोटींमागे वर्षाला दीड कोटीच्या वर वाचले. त्या वर्षी कर्जाचा डोंगर तेवढाच दिसला तरी त्याचा भार हलका झाला.

आता उलटी बाजू. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात राज्यांनी भरपूर उचल केली आणि दर पडलेले असल्याने ती साडेसहाच्या आसपास मिळाली. त्यातलं दहा वर्षांचं कर्ज २०३०-३१ मध्ये फेडायला येणार. तेव्हा दर साडेसात असेल, तर प्रत्येक शंभर कोटींवर वर्षाला एक कोटी जास्त. रोख्यात मुद्दल हप्त्याहप्त्याने जात नाही, हे इथे ध्यानात घ्यायचं. घरकर्जासारखं नाही ते. दहा वर्षं सहामाही व्याज द्यायचं आणि मुदत संपली की सगळं मुद्दल एकदम. शंभर कोटी साडेसात टक्क्यांनी घेतले, तर दर सहा महिन्यांनी ३ कोटी ७५ लाख, दहा वर्षांत ७५ कोटी व्याज आणि शेवटी पुरे शंभर कोटी उभेच. ते उभे करायला बहुधा नवे रोखे.

सभागृहाच्या हातात काय आहे, काय नाही

बरेच जण इथे फसतात. कर्जाचं व्याज आणि परतफेड हा भारित खर्च. राज्यघटनेच्या कलम २०२ नुसार तो थेट राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, टाकलेला असतो आणि कलम २०३ प्रमाणे त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. चाळीसच्या चाळीस आमदारांनी हात वर केले, तरी व्याजातला एक रुपया कापता येत नाही. ते बरोबरच आहे. नाहीतर दर अधिवेशनाला रोखेधारकांचा जीव टांगणीला लागला असता आणि गोव्याला कोणी स्वस्तात पैसे दिले नसते.

मग आमदारांच्या हातात काय? मर्यादा घालणं. कलम २९३ सांगतं, की राज्य आपल्या एकत्रित निधीच्या हमीवर कर्ज काढू शकतं, पण विधिमंडळाने कायद्याने घातलेल्या मर्यादेत. याच कलमाचा दुसरा भाग असा, की केंद्राचं जुनं कर्ज शिल्लक असेल, तर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. त्यामुळे दरवर्षीचा कमाल आकडा प्रत्यक्षात दिल्लीत ठरतो. या अधिकाराची सीमा कुठवर, हा वाद केरळने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे सोपवला गेला.

गोव्याचा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००६ चा. तो का आला, याची गोष्ट नवं-जुनं याच सदरात मोडते. या शतकाच्या सुरुवातीला राज्यांच्या डोक्यावर केंद्राची महागडी कर्जं होती. २००२-०३ ते २००४-०५ या काळात १३ टक्क्यांहून जास्त व्याजाची कर्जं स्वस्त कर्ज काढून फेडायची मुभा मिळाली. मग बाराव्या वित्त आयोगाने सुचवलं, की राज्यांनी ३१ मार्च २००४ पर्यंत घेतलेली आणि वर्षभराने शिल्लक असलेली केंद्राची कर्जं एकत्र करून २० वर्षांत, साडेसात टक्क्यांनी फेडू द्यावीत. अट एकच: राज्याने तुटीला आवर घालणारा कायदा करावा. सोसायटीचा सचिव ‘सही करा, मग मंजूर करतो’ म्हणतो, तसंच हे. म्हणून या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं, की त्या दिवशी बाकी बातम्या सोडून तेवढी वाचा. कर्जावरचं आमदारांचं खरं मतदान तेव्हाच होतं. आणि ते बहुधा पाच मिनिटांत, संध्याकाळी, अर्ध्या रिकाम्या सभागृहात उरकतं.

जुन्या कर्जाच्या बदल्यात नवे रोखे देण्यावरून कायदेमंडळ कसं भांडू शकतं, ते पाहायचं तर १७९० ची अमेरिका बघावी. स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या मिळाल्या होत्या. पोटापाण्यासाठी अनेकांनी त्या कवडीमोलाने व्यापाऱ्यांना विकल्या. अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाले, आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण किमतीचे नवे रोखे द्या, तरच सरकारची पत राहील. प्रतिनिधीगृहातले मॅडिसन म्हणाले, मूळ सैनिकालाही वाटा द्या. मतदानात मॅडिसन ३६ विरुद्ध १३ असे हरले. मला स्वतःला मॅडिसनचं म्हणणं मनाला पटतं आणि हॅमिल्टनचं हिशेबाला. आपल्या वादात मात्र ‘रोखे आहेत कोणाच्या हातात?’ हा प्रश्नच कोणी विचारत नाही. उत्तर फार दूर नाही: बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. तुमच्या विम्याचा हप्ता फिरून राज्यांच्या रोख्यांत जातोच.

मंगळवारची ओळ

राज्यांच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक सहसा मंगळवारी करते. संध्याकाळी निकालाचा तक्ता तिच्या संकेतस्थळावर लागतो. राज्यं इंग्रजी वर्णानुक्रमाने असतात, त्यामुळे गोवा उतरलेला असेल तर छत्तीसगड आणि गुजरात यांच्या आसपास शोधा. बहुतेक वेळा आकडा १०० कोटींच्या घरातला, महाराष्ट्राच्या हजारांपुढे चिमुकला. बघायचं ते मुदत आणि अखेरचा दर. त्याच दिवशी, त्याच मुदतीला शेजारच्या राज्यांना काय दर लागला, ते ताडून पाहा. तिमाहीत कोणतं राज्य किती उचलणार, याचं अंदाजी वेळापत्रकही बँक आधी जाहीर करते.

हेच रोखे आपल्यालाही घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या योजनेत नोव्हेंबर २०२१ पासून घरबसल्या खातं उघडता येतं आणि किमान १०,००० रुपये लागतात. मुदतीआधी विकायला गेलं तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

महामंडळांच्या नावावर काढलेलं आणि सरकारने हमी दिलेलं कर्ज ६००३ मध्ये दिसत नाही. त्यासाठी अर्थसंकल्पासोबतचं हमींचं विवरणपत्र वेगळं बघावं लागतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा राज्याच्या वित्तव्यवहारावरचा अहवालही याच कामाचा. त्यात येत्या वर्षांत कोणतं कर्ज कधी फेडायचं याचा तक्ता असतो. अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटाला पटलावर येतो, सगळे घरी निघालेले असतात तेव्हा. पुढे तो लोकलेखा समितीकडे जातो.

आमदाराच्या हातात प्रश्न द्या

आपण सभागृहात बोलू शकत नाही, पण आपला आमदार अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाकू शकतो. चतुर्थीला घरी आला की गणपतीवरच्या माटोळीखाली बसवून बोललात तरी चालेल, तो नाही म्हणणार नाही. मात्र ‘कर्ज किती?’ असं विचारायला सांगू नका. एका कागदावर हे लिहून द्या: २०३५-३६ पर्यंत प्रत्येक वर्षी किती कोटींचे रोखे फेडायला येणार, ते मुळात कोणत्या दराने घेतले होते, मागच्या तीन वर्षांत बाजारातून उचललेल्या रकमेपैकी किती जुन्या परतफेडीला गेली आणि परतफेडीसाठी राखून ठेवलेल्या निधीत आज किती शिल्लक आहे.

उत्तर छापून आलं की तक्त्यातली २०३०-३१ ची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा.