अ‍ॅप घेण्यापूर्वी परवानग्यांची यादी वाचावी
प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर 2022 पासून डेटा सुरक्षिततेचा जो भाग दिसतो, त्यातील माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरून दिलेली असते. म्हणून तेवढ्यावर विसंबून न राहता अ‍ॅपविषयीचा तपशील उघडून तळाशी असलेली परवानग्यांची यादी जरूर वाचावी. साध्या टॉर्चच्या अ‍ॅपला आपली संपर्कयादी किंवा मायक्रोफोन लागण्याचे काहीच कारण नाही, तेव्हा असे अ‍ॅप सरळ सोडून द्यावे. अ‍ॅप घेतल्यावरही लगाम आपल्याच हाती राहतो: अँड्रॉइड 12 पासून स्थानाची परवानगी देताना अचूक स्थानाऐवजी अंदाजे स्थान निवडता येते, आणि हवामानाच्या अ‍ॅपला तेवढे पुरते. नाकारलेली परवानगी पुढे खरोखरच लागली, तर ती सेटिंग्जमधून केव्हाही देता येते.