स्विमिंग पूलभोवती कृत्रिम गवत लावताय? या चुका टाळा

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यातल्या बंगल्यांत स्विमिंग पूल बांधून झाला की पाठोपाठ कृत्रिम गवताचा विषय निघतोच. कारणंही रास्त आहेत. खऱ्या लॉनवर सतत ओले पाय पडले की चिखल होतो, कापलेलं गवत उडून पाण्यात जातं, आणि मालक शनिवार-रविवारपुरताच येत असेल तर निगा राखणार कोण? डिसेंबरात अंथरलेलं हिरवंगार गवत मेपर्यंत झकास दिसतं. जून लागला की फोन सुरू होतात: पाणी तुंबलंय, वास येतोय, पाय ठेवला की पचपच होतं. अशा वेळी सगळे गवताच्या कंपनीला नावं ठेवतात. खोट बहुतेकदा गवताखाली असते.

मुरमावर थेट अंथरणं

खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारी चूक हीच. मुरूम टाकायचा, धुम्मस मारायची, वर गवत पसरायचं, दोन दिवसांत काम फत्ते. मुरूम दाबला की बसतो छान, पण त्यात मातीचा अंश असतो, त्यामुळे त्यातून पाणी झिरपत नाही. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 100 चौरस मीटर जागेवर तासाभरात 50 मिलिमीटर पडला, तर 5,000 लिटर पाणी झालं, एक छोटा टँकरच. विक्रेता गवत उलटं करून पाठीची भोकं दाखवतो आणि ‘पाणी थांबतच नाही’ म्हणतो. भोकांतून ते खाली जाईलही, पण पुढे वाट कुठे आहे?

वाट आधी करावी लागते. चार-पाच इंच माती काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरा, त्यावर तीन-चार इंच खडी आणि वरून इंचभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, टाका. प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने वेगळा दाबून घ्या. उतार पूलपासून बाहेरच्या बाजूला 1 ते 2 टक्के हवा, म्हणजे 3 मीटर रुंदीला 3 ते 6 सेंटीमीटर. तो जिथे संपतो तिथे चर किंवा जाळीचं गटार पाहिजेच. उतार उलटा, पूलकडे पडला तर पहिल्याच मोठ्या सरीत बागेतली घाण तलावात येते आणि मग क्लोरीन कितीही टाका, पाणी गढूळच.

गवत अंथरण्याआधी तयार थरावर पंधरा मिनिटं पाइप सोडून ठेवा. जिथे डबकं दिसेल तिथे कच टाकून पुन्हा दाबा. कंत्राटदार कुरकुर करेल, करू द्या.

आधीच कोबा किंवा कोटा फरशी असेल तर वरून गवत चिकटवून मोकळं होण्याचा मोह होतो. फरशी आणि गवत यांच्यामध्ये ड्रेनेज मॅट, म्हणजे खालून पाणी वाहू देणारी चटई, घाला. नाहीतर ओल अडकून राहते आणि सहा महिन्यांत डिंक सुटतो. डिंकही पाण्यात टिकणारा, पॉलियुरेथेनचा घ्या. पाण्यात मिसळून वापरायचा गोंद इथे कामाचा नाही.

स्वस्तात मिळालेला जुना टर्फ

बॉक्स क्रिकेटची मैदानं गल्लोगल्ली झाली, तसा त्यांचा उतरवलेला मालही बाजारात आला. चौरस फुटाचा भाव ऐकून हात शिवशिवतात. त्यात काळे रबराचे दाणे भरलेले असतील तर सरळ नको म्हणा. ते उन्हात तापतात, पायाला चिकटतात आणि शेवटी पाण्यात जातात. नव्या गवतातही पाती उभी राहावीत म्हणून भरायची सिलिका वाळू पूलच्या कडेला सढळ हाताने भरू नका. पोहणाऱ्यांच्या पायांनी ती आत येते, तळाशी बसते, पंपापर्यंत पोहोचते. त्यापेक्षा दाट विणीचं, 25 ते 30 मिलिमीटर उंचीचं गवत घ्या. त्याला वाळू कमी लागते.

ऊन विसरणं

एप्रिलच्या दुपारी कृत्रिम गवत 60 अंशांच्या वर सहज जातं. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. पाण्याचा फवारा मारला की उतारा मिळतो, पण थोडाच वेळ. म्हणून पायऱ्यांपासून खुर्च्यांपर्यंत फिक्या दगडाची पायवाट ठेवा. मुलं अनवाणीच धावतात, त्यांना चप्पल घाला म्हणून सांगणं व्यर्थ आहे. बंगल्याला उष्णता परतवणाऱ्या काचा असतील तर दुपारी त्यांची तिरीप कुठे पडते ते बघून ठेवा. एका पट्ट्यातलंच गवत वितळल्यासारखं आखडलं असेल, तर माल खराब म्हणून भांडण्याआधी खिडकीकडे बघा.

कड आणि जोड

गवत थेट पाण्याच्या काठापर्यंत नेलं की फोटो सुंदर येतो. माझं मत विरुद्ध आहे: किमान फूट-दीड फूट दगडी काठ मोकळा ठेवावा. ओव्हरफ्लो पूल (ज्याचं पाणी काठावरून सांडून जाळीत जातं) असेल तर जाळीजवळ गवत आणूच नये, नाहीतर तंतू आणि कचरा सांडलेलं पाणी साठवणाऱ्या बॅलन्सिंग टँकमध्ये जातो. कडेला लाकडी पट्टी ठोकू नका, ती कुजते किंवा वाळवी खाते, ॲल्युमिनियमची घ्या. खिळे गॅल्व्हनाइज्ड हवेत, आणि ते ठोकण्याआधी पाइप व दिव्यांच्या वायरी कुठून गेल्यात याचा नकाशा मागा. व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण गवताखाली गाडून टाकणारे महाभागही असतात. गळती झाली की अख्खं गवत उकरावं लागतं.

रोल उघडून तासभर उन्हात पसरू द्या, मगच कापा. नाहीतर नंतर सुरकुत्या येतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. एक जरी उलटी बसली तर दोन वेगळे रंग लावल्यासारखं दिसतं आणि त्यावर इलाज नाही, ती पट्टी काढूनच बसवावी लागते.

वास आणि शेवाळ

पावसाळ्यात वास येत असेल तर आधी एक कोपरा उचलून बघा. कच कोरडी पडत असेल आणि वास वरूनच येत असेल, तर कारण कुजलेली पानं किंवा कुत्र्याची लघवी. पानं ताठ ब्रशने, पात्यांच्या उलट दिशेने काढा आणि भरपूर पाणी मारा. कच काळी, चिकट असेल तर वरून काहीही शिंपडून उपयोग नाही, तेवढा भाग उघडून खालचा थर बदला. पूलच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनने गवताचं काही बिघडत नाही. गोळ्यांचा डबा त्यावर उघडा ठेवला किंवा ॲसिडचा कॅन सांडला तर मात्र पांढरा डाग कायमचा. मिठाच्या पाण्याचा पूल असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गवत धुऊन काढा.